हे आणि ते

१

सिस्टरच्या वहीत तीन रकाने होते. पहिल्याच्या डोक्यावर लिहिलं होतं 'हे', दुसऱ्याच्या 'ते वर' आणि तिसऱ्याच्या 'ते खाली'. बाहेरच्या माणसाला यातून काडीचाही बोध झाला नसता, पण वही बाहेरच्या माणसासाठी नव्हतीच.

'हे' म्हणजे नवरा. 'ते' म्हणजे मागच्या अंगणातलं तळं. चाळीस वर्षांच्या संसारात सिस्टरने नवऱ्याचं नाव एकदाही तोंडाने घेतलं नव्हतं. बँकेत कुणी विचारलं तर ती सरळ कार्ड पुढे करायची. बत्तीस वर्षं इस्पितळात नोकरी केलेली, अर्ध्या गावाला सुया टोचलेली, डॉक्टरांच्या चुका त्यांच्या तोंडावर सांगणारी बाई, पण हा एक संकोच काही सुटला नाही. लेक चिडवायची, "आई, बाबा पाण्यात पडले तर काय ओरडशील गं? हे पडले, हे पडले?"

"ओरडत कशाला बसू? दोरी टाकीन," सिस्टर म्हणायची.

नवऱ्याची तीच तऱ्हा. लग्नाआधी तो कावीळ होऊन तिच्याच वॉर्डात पडला होता आणि इतर रोग्यांसारखा तिला 'सिस्टर' म्हणत होता. पुढे लग्न झालं, लेक झाली, केस पिकले, तरी हाक तीच राहिली. तो शीतगृहातला मेकॅनिक. बटाट्याच्या आणि सफरचंदांच्या गार कोठारांमध्ये जन्म गेला. "तुझा पगार तापाचा, माझा थंडीचा," तो म्हणायचा. "म्हणून घरात हवा बरी राहते."

निवृत्त झाल्यावर त्याने मागे तळं खणलं आणि त्यात थंड पाण्यात जगणारे मासे पाळले. पाणी जरा कोमट झालं की ते माना टाकणार, अशी लाडावलेली जात. सगळे मिळून अकरा. हिरवट, बुळबुळीत अंगाचा एक होता त्याला सगळे 'वैद्य' म्हणत, कारण आजारी मासे त्याला अंग घासायला येतात असं मेकॅनिकचं म्हणणं. पाऊस यायच्या आधी वळवळत वर येणाऱ्या सापासारख्या माशाचं नाव 'हवामान खातं'. आणि पाठीवर हाडांच्या ढाली असलेला, लांब नाकाचा, तळाला चिकटून हिंडणारा तो 'चिलखत'. चिलखताला मागे पोहता येत नाही. पुढे शिरला की पुढेच.

तळ्याच्या मधोमध मेकॅनिकने नऊ फूट खोल, विटांनी बांधलेला खड्डा ठेवला होता. तळाशी जिवंत झरा. उन्हाळ्यातसुद्धा तिथलं पाणी अकरा अंशांच्या वर जात नसे. त्या खड्ड्याला तो 'थंड खोली' म्हणायचा आणि पाहुण्यांना अभिमानाने दाखवायचा. पाहुण्यांना काळं पाणी सोडून काही दिसायचं नाही.

सात महिन्यांपूर्वी मेकॅनिकला पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डावा हात तेवढा उरला. त्या हाताने तो सिस्टरचा हात दाबायचा. एकदा दाबला की नाही, दोनदा दाबला की हो. एवढ्यावर दोघांचं व्यवस्थित चाललं होतं. काही वेळा तर आधीपेक्षा बरं, असं सिस्टर म्हणायची, कारण आता मेकॅनिकला मध्ये बोलता येत नव्हतं.

रोज सकाळी ती त्याच्या काखेत वॉर्डातून आणलेलं थर्मामीटर ठेवायची, बुडून गारठलेल्या रोग्यांसाठी असतं तसं, अगदी खालचे आकडेही दाखवणारं. मग मागे जाऊन शीतगृहातलं जुनं यंत्र तळ्यात सोडायची. लांब वायर, टोकाला पितळी गोळी, हातातल्या डबीवर पाण्याचं तापमान, आधी वरचं, मग थंड खोलीतलं. मग चमचा पत्र्याच्या मगावर तीनदा वाजवायचा, की मासे वर येऊन तोंडं गोल उघडायचे. वहीत रोज जवळजवळ तेच आकडे: छत्तीस पूर्णांक आठ, चौदा, अकरा.

तो उठून बसेपर्यंत त्याचा एकही मासा मरू द्यायचा नाही आणि त्याला कुठल्या शुश्रूषा केंद्रात पाठवायचं नाही, असं तिने स्वतःशी ठरवलं होतं. याच्या पलीकडे तिला आयुष्याकडून काही नको होतं.

२

घोळ केला शेवाळाने. एका सकाळी काठावर सिस्टरचा पाय सरकला आणि ती तासभर कंबर धरून ओल्या दगडावर बसून राहिली. आत मेकॅनिक एकटा. लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. दुपारी आली तेव्हा तिला कळलं आणि तिचा तोल सुटला.

"हे असं चालणार नाही आई. एकतर बाबांना केंद्रात ठेवू, नाहीतर तळं बुजवू. दोन्ही तुला झेपत नाही. तू खाली गेली असतीस तर बाबांना पाणी कोणी पाजलं असतं?"

सिस्टर कंबर धरून आत गेली. ती मेकॅनिकच्या उशाशी बसली, हात हातात घेतला आणि सगळं सांगितलं. मासे चांगल्या माणसाकडे जातील. तुम्ही घरीच राहाल. "बुजवू ना मग?"

त्याने एकदा दाबलं.

तिने पुन्हा समजावलं, आधीपेक्षा हळू, रोग्याला समजावतात तसं. त्याने पुन्हा एकदाच दाबलं आणि तिच्याकडे बघत राहिला. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याने हात ढिला सोडला. सिस्टर बाहेर आली आणि लेकीला म्हणाली, "हो म्हणालेत."

चाळीस वर्षांत ती त्याच्या नावाने खोटं बोलली नव्हती. पण त्याच्या भल्यासाठीच ना, असं म्हणत तिने भांडी घासायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने वायर सोडली. वर चौदा. खाली बारा पूर्णांक दोन. एका अंशाचं काय घेऊन बसायचं? मग तिने वहीत पहिला रकाना पाहिला. हे: पस्तीस पूर्णांक सहा. रात्री पांघरूण सरकलं असेल, असं म्हणून तिने मेकॅनिकच्या पायात लोकरीचे मोजे घातले.

३

चार दिवसांनी मेकॅनिक एकतीस होता. एकतीसवर माणूस कसा दिसतो हे सिस्टरने पाहिलं होतं. नदीतून काढलेली माणसं आणत असत वॉर्डात. ओठ निळे, बोलणं जड, नाडी सापडायची नाही. मेकॅनिकचे ओठ गुलाबी होते आणि नाडी बहात्तर.

तिने डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर तिच्या हाताखाली शिकलेले, त्यामुळे तिच्यासमोर थोडे बिचकूनच असायचे. त्यांनी रक्तदाब घेतला, छाती ऐकली, मग स्वतःचं थर्मामीटर लावलं. त्यावर आकडाच उमटेना.

"याचाही सेल गेला वाटतं," ते हसले. "सिस्टर, हात गार आहेत, पण या आजारात रक्त कमी पोहोचतं, तुम्हाला मी काय सांगू? उलट मला तर सुधारणा दिसतेय. ही बोटं बघा."

उजव्या हाताची बोटं हलत होती. सात महिने मेलेली बोटं चादरीवर सावकाश उघडत होती, मिटत होती. लेक आली होती, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, बघ ना. बाबा बरे होतायत. आणि तू तोंड काय असं करून उभी आहेस?"

सिस्टर बोटं बघत नव्हती. ती मनगटावरच्या घड्याळाकडे आणि मेकॅनिकच्या डोळ्यांकडे आळीपाळीने बघत होती. श्वास मोजायची सवय होती तिला, तशीच ती पापण्या मोजत होती. चार मिनिटं झाली. डोळे ओले होते, स्वच्छ होते आणि उघडे होते.

डॉक्टर गेल्यावर तिने सूप आणलं. गरम होतं म्हणून ढवळलं आणि चमचा वाडग्याच्या कडेवर झटकला. टक, टक, टक. चमचा अजून वाडग्यातच होता, तरी मेकॅनिकचं तोंड उघडलं. गोल.

भूक लागली असेल, सिस्टर मनाशी म्हणाली. सात महिन्यांनी भूक लागली तर चांगलंच आहे की. तिने सूप पाजलं. त्याने सगळं संपवलं, हनुवटीवर थेंबही न सांडता. वाडगा उचलताना मात्र तिने चमचा वाजू दिला नाही आणि त्याबद्दल तिला स्वतःचाच राग आला.

४

नर्सला आकड्यांची बेरीज करायची खोड असते. किती पाणी गेलं, किती बाहेर आलं. त्या दुपारी सिस्टरने सहज पहिल्या आणि तिसऱ्या रकान्याची बेरीज मांडली. पहिल्या दिवशी सत्तेचाळीस पूर्णांक आठ. दुसऱ्या दिवशी तेवढीच. पाचव्या दिवशी एकतीस आणि सोळा पूर्णांक आठ, म्हणजे पुन्हा तेवढीच. इकडून जेवढं जात होतं, तेवढंच तिकडे जमा होत होतं.

 मग उठून जे कुठलीही शहाणी बाई करेल ते तिने केलं. यंत्रांची अदलाबदल केली. पितळी गोळी मेकॅनिकच्या काखेत ठेवली. वॉर्डातलं थर्मामीटर बरणीत बसवून, दगड बांधून, थंड खोलीत सोडलं. यंत्र बिघडलं असतं तर आकडे यंत्राबरोबर गेले असते. आकडे जागच्या जागी राहिले.

चादर बदलताना ती ओलसर लागली. तिने लघवीची नळी तपासली, ती कोरडी होती. उशीला शेवाळाचा वास येत होता. खिडकी मागेच उघडते, वास येणारच, असं तिने ठरवलं आणि खिडकी लावून घेतली. वास खोलीतच राहिला.

लेकीला सांगावं असं दहा वेळा वाटलं. पण सांगणार काय? तुझे बाबा गार पडतायत आणि तळं तापतंय? लेक आधीच म्हणत होती की तुला विश्रांती हवी. विश्रांतीच्या पुढचा शब्द तिने उच्चारला नव्हता इतकंच.

५

मासे न्यायला टबवाला आला. शोभेचे मासे विकणारा, पोट सुटलेला, गप्पिष्ट माणूस. मेकॅनिकचा जुना दोस्त. बरोबर चार मोठे टब आणि लांब दांड्याची जाळी.

"तुमच्या ह्यांनी मला एक मासा कधी विकला नाही," तो म्हणाला. "आणि आता फुकट. नशीब बघा माझं, रडावं की हसावं कळत नाही."

त्याने मगावर चमचा वाजवला. एकही मासा वर आला नाही. त्याने गुडघे टेकून पाण्यात टॉर्च मारला आणि डोकावलं. 

"सगळे खड्ड्यात आहेत," तो म्हणाला. "गोल करून. आजाऱ्याच्या खाटेभोवती नातेवाईक बसतात ना, तसे. तोंडं आत, शेपट्या बाहेर."

"खाली पाणी गरम आहे," सिस्टर म्हणाली. त्या दिवशी तिथे एकोणतीस होते.

"गरम?" त्याने खांद्यापर्यंत हात घातला आणि शहारून बाहेर काढला. "बर्फ आहे हो. आणि गरम असतं तर हे मासे तिथे थांबले असते? जीव घेऊन पळाले असते."

दोन तास खपून त्याने दहा मासे काढले. चिलखत सापडेना. जाळी खोलवर गेली की कशाला तरी अडकायची, आणि टबवाला ओढायचा, तशी ती हळूच सुटायची. तिसऱ्यांदा असं झाल्यावर त्याने जाळी गुंडाळून ठेवली.

"एक राहिला तर राहू दे," तो म्हणाला. "विटांच्या फटीत घुसला असेल. त्याला मागे येता येत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे." निघताना तो खोलीच्या दारापाशी थांबला, मेकॅनिकला नमस्कार करायला म्हणून. पण उंबऱ्यावरूनच मागे फिरला. चहालासुद्धा थांबला नाही.

६

बुधवारी दुपारी सिस्टर एकटीच काठावर बसली. गुरुवारी सकाळी माती येणार होती. तळाला झरा असल्यामुळे उपसून उपयोग नव्हता. दगड आणि माती थेट टाकायची असं मुकादमाने सांगितलं होतं.

तिने वायर सोडली. आकडा चढत गेला आणि छत्तीस पूर्णांक आठवर थांबला. हा आकडा तिने सात महिने रोज पहिल्या रकान्यात लिहिला होता. आत, खाटेवर, सकाळी अकरा होते.

तिने इकडेतिकडे पाहिलं. शेजारी कपडे वाळत होते. कुणी नव्हतं. तिला लाज वाटत होती, पण तिने विचारलंच.

"अहो, ऐकताय का?"

हातातली वायर ताणली गेली. सैल झाली. पुन्हा ताणली गेली.

चिलखत असेल. ढालींत वायर अडकली असेल. बत्तीस वर्षांची नोकरी सिस्टरच्या डोक्यात बसून तिला शांतपणे समजावत होती.

"थंडी वाजतेय का तुम्हाला?"

एकदा.

"दुखतंय कुठे?"

एकदा.

 पुढचा प्रश्न विचारू नये हे तिला कळत होतं. "भीती वाटतेय?"

दोनदा. ओढ फार हलकी होती, डाव्या हाताची. तिसऱ्या बोटात जोर कमी, ते तिला पाठ होतं.

ती वायर काठावरच्या दगडाला बांधून आत गेली. खाटेवर बसली, तो हात हातात घेतला. हात ओला नव्हता, पण तिला तो पुसावासा वाटला.

"तुम्ही कोण आहात?" तिने विचारलं. मग तिला आठवलं की याचं उत्तर दाबून देता येत नाही. "तुम्ही हेच ना?"

दोनदा दाबलं. मग तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. हात दाबतच राहिला, उघडत, मिटत, एका लयीत, आणि ते उघडे डोळे छताकडे बघत होते. तिने बोटं सोडवून घेतली तरी हात तसाच चालू होता. चादरीखाली गळ्याच्या बाजूला काहीतरी त्याच लयीत हललं. सिस्टरने चादर उचलली नाही. एवढं धैर्य तिच्यात नव्हतं आणि ते तिने स्वतःशी कबूल केलं.

ती स्वयंपाकघरात गेली आणि वही उघडली. पहिल्या रकान्यावरचं 'हे' तिने खोडलं आणि तिथे 'ते' लिहिलं. मग तिसऱ्या रकान्यावर 'हे' लिहिलं. अक्षर वळणदार आलं, केसपेपरवर यायचं तसं.

मग तिने मुकादमाला फोन लावला. तो लागला नाही. लेकीला लावला. "उद्याचं रद्द कर," ती म्हणाली.

"आई, हो म्हणाले ना बाबा? तूच सांगितलंस," लेक म्हणाली. "मी सकाळी येतेच आहे. तू जेव आणि झोप."

७

सकाळी दगडमातीने भरलेल्या दोन ट्रॉल्या मागच्या फाटकातून आल्या. लेक खोलीची खिडकी उघडून, बाबांच्या उशा नीट करून अंगणात आली तेव्हा सिस्टर काठावर उभी होती, हातात वायर गुंडाळलेली.

"थांबा," सिस्टर म्हणाली. "आत हे आहेत."

मुकादम वाकून पाहू लागला. सभ्य माणूस होता. "काय आहे बाई? पंप? पंप काढलाय ना?"

"पंप नाही. हे."

"हे म्हणजे?"

"आई," लेक पुढे आली. "बाबा आत आहेत. खोलीत. मी आत्ताच बघून आले."

"खोलीत ते आहे," सिस्टर म्हणाली.

लेकीचा चेहरा पडला. तिने आईचा दंड धरला, हळू, पडणाऱ्या माणसाला धरतात तसा. "आई, तू कुणाबद्दल बोलतेयस? हे, ते... नीट सांग ना. कोण आहे पाण्यात?"

मुकादम बघत होता. ट्रॉलीचा ड्रायव्हर बघत होता. सिस्टरला कळलं की आता एकच उपाय उरलाय. तिने श्वास घेतला, पाण्यावर वाकली आणि त्याचं नाव घेतलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, वॉर्डातल्या कागदावर पहिल्या दिवशी लिहिलं होतं तसं. आवाज मोठा आला. अंगणभर गेला.

"ओ," पाठीमागून कुणीतरी उत्तर दिलं.

खोलीच्या खिडकीतून. आवाज त्याचाच होता. सात महिन्यांनी, स्वच्छ, जरासा ओला.

लेकीने तोंडावर हात ठेवला. "बाबा बोलले," ती म्हणाली. "आई, बाबा बोलले," आणि ती रडत, हसत घरात धावत गेली. मुकादमालाही भरून आलं. "नशीब लागतं बाई," तो म्हणाला. "मालकांनी ओ दिली. आता काय पाहिजे?" त्याने सिस्टरला दोन्ही खांद्यांना धरून मायेने मागे घेतलं. "इथे नका उभ्या राहू, दगड आहेत." आणि ड्रायव्हरला हात केला.

सिस्टर काहीतरी म्हणत होती, पण ट्रॉली उलटल्यावर त्या आवाजात तिचं तिलाच ऐकू आलं नाही. दगड आधी गेले. मग माती. पाणी काठावर आलं आणि तिच्या चपला भिजल्या.

"आई, लवकर ये," खिडकीतून लेक हाक मारत होती. "बाबा तुला बोलावतायत. नावाने हाक मारतायत बघ तुला."

चाळीस वर्षांत त्याने तिला नावाने हाक मारली नव्हती.

हातातल्या डबीवर अजून छत्तीस पूर्णांक आठ होते. वायर ताणली गेली. एकदा. बुजवू का विचारलं तेव्हा हातही असाच एकदा दाबला गेला होता. सिस्टर दुसऱ्या ओढीची वाट बघत राहिली. मागची ट्रॉली सावकाश काठाशी येत होती. वायर सैल पडली, आणि मग पुन्हा, आधीपेक्षा जोरात, एकदाच ओढली गेली.